सिपाकिरा: अँडीजच्या पठारावरचे मिठाचे गाव

कोलंबियाची राजधानी बोगोता ज्या उंच पठारावर वसली आहे, त्याच पठाराच्या उत्तर भागात सिपाकिरा हे शहर आहे. बोगोतापासून ते सुमारे 50 किलोमीटरवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 2650 मीटर उंचीवर आहे. शहराला खेटून उभ्या असलेल्या डोंगराच्या पोटात सैंधवाचा प्रचंड साठा आहे. या डोंगरात 180 मीटर खोलवर कोरलेले मिठाचे चर्च पाहायला आज जगभरातून माणसे येतात, आणि शहराची ओळख त्या चर्चपाशीच सुरू होऊन तिथेच संपते. मिठाचा इतिहास मात्र चर्चहून दोन हजार वर्षांनी जुना आहे. त्यातला मोठा भाग मुइस्का या मूळ रहिवाशांनी घडवला, आणि तो बोगद्यांत घडला नाही. तो घडला झऱ्याकाठी, मातीच्या भांड्यांत आणि लाकडाच्या धगीवर.

क्रिटेशस काळाच्या आरंभी, म्हणजे 10 कोटी वर्षांहूनही पूर्वी, आजच्या पूर्व कॉर्डिलेराच्या, म्हणजे अँडीजच्या पूर्वेकडच्या रांगेच्या, जागी उथळ समुद्र होता. त्याचे पाणी आटत गेले तसे मिठाचे थर साचले आणि त्यांवर गाळाचे जाड थर चढले. पुढे अँडीज पर्वत उचलला गेला. मोठ्या दाबाखाली मीठ घन राहूनही सावकाश वाहते आणि वरच्या खडकापेक्षा हलके असल्याने वर सरकते. सिपाकिराचा साठा असाच दबून, घड्या पडून घुमटासारखा वर आला. त्यामुळे तो समुद्रकाठच्या मिठासारखा पांढराशुभ्र नाही. त्यात काळसर चिकणमाती मिसळलेली आहे, आणि बोगद्यांच्या भिंतींत मधूनमधून पायराइटचे सोनेरी कण चमकतात. पावसाचे पाणी डोंगरात मुरून या साठ्यापर्यंत पोहोचते, मीठ विरघळवते आणि पायथ्याशी खाऱ्या झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. माणसाला मिठाचा पत्ता लागला तो या झऱ्यांमुळे.

पठारावर माणूस फार जुना आहे. सिपाकिराच्या जवळच एल आब्रा येथे खडकांच्या कपारींत 1960च्या दशकाच्या अखेरीस थॉमस फान डेर हामेन, वेस्ली हर्ट आणि गोन्सालो कोरेआल यांनी उत्खनन केले. तिथे मिळालेली दगडी हत्यारे सुमारे 12 हजार वर्षांपूर्वीची असल्याचे त्यांनी दाखवले. ते लोक शिकारी होते. शिकारीचे मांस खाणाऱ्याला मीठ वेगळे लागत नाही, कारण मांसातूनच ते मिळते. मका, बटाटा, किनोआ ही पिके पोटाचा आधार झाली, तेव्हा मिठाची खरी गरज निर्माण झाली. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, मधे दाट अरण्ये आणि खोल दऱ्या. अशा ठिकाणी खारा झरा म्हणजे गावाचे धन होते.

मीठ बनवण्याच्या या जुन्या कामाचा पद्धतशीर शोध पुरातत्त्वज्ञ मारियान कार्दाले दे श्रिम्फ यांनी 1970च्या दशकात घेतला. सिपाकिराच्या मिठाच्या जागी त्यांनी खणले तेव्हा सर्वांत जास्त काय सापडले असेल तर खापरे, थरांवर थर खापरे. सोने नाही, मूर्ती नाहीत. इतिहासाच्या दृष्टीने मात्र हा ढिगारा मोलाचा ठरला, कारण भांड्याची माती, जाडी आणि घडण पाहून कामाची पद्धत आणि तिचा काळ दोन्ही कळू लागले. मुइस्कांच्या आधीच्या हेरेरा काळात, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांमध्ये, इथे मिठवणी, म्हणजे मिठाचे पाणी, उकळण्याचे काम सुरू झालेले होते. त्या भांड्यांच्या मातीत जुनी खापरे कुटून मिसळलेली आढळतात. अशी भांडी आचेवर सहज तडकत नाहीत. कालचे फुटके भांडे उद्याच्या भांड्याच्या मातीत जात होते.

कोकणातल्या मिठागरांत खाचरात समुद्राचे पाणी घ्यायचे आणि उरलेले काम उन्हावर सोपवायचे, ही पद्धत या पठारावर चालणारी नव्हती. इथली हवा थंड आहे, आकाश बहुधा ढगाळ असते आणि पाऊस वर्षातून दोन वेळा येतो. पाणी आटवायला आगच हवी. मुइस्का कामकरी मोठ्या जाड भांड्यांत मिठवणी भरत, खाली अखंड जाळ ठेवत आणि पाणी आटेल तसे नवे मिठवणी ओतत जात. भांडे हळूहळू घट्ट मिठाने भरून येई. मग ते फोडत, आणि आतून भांड्याच्याच आकाराची मिठाची ढेप निघे. या भांड्यांना स्पॅनिश कागदपत्रांत ‘गाचा’ किंवा ‘मोया’ म्हटले आहे. दरेक ढेपेमागे एक भांडे खर्ची पडत असे. म्हणून मीठ बनवणाऱ्या गावाला कुंभार लागत, माती आणणारे लागत आणि सर्वांत अधिक लाकूडतोडे लागत. कोगुआ, गाचान्सिपा, तोकान्सिपा ही आसपासची गावे कुंभारकामासाठी ओळखली जात. अनेक गावांच्या श्रमांचे हे जाळे होते, आणि सिपाकिरा त्याचा मध्य होता.

मुइस्का खाणी खोदून डोंगरात शिरत होते, अशी एक समजूत सर्रास आढळते. पुरातत्त्वाचा पुरावा तसे सांगत नाही. त्यांचे उत्पादन मुख्यतः झऱ्यांच्या पाण्यावर चालले. डोंगर पोखरण्याची गरजच त्यांना नव्हती, कारण डोंगर स्वतःहून मीठ विरघळवून देत होता. त्यांचे कसब आच सांभाळण्यात आणि भांडी घडवण्यात होते. खाणींच्या गौरवात या कसबाची आठवण बुजून जाणे योग्य नाही.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मुइस्का प्रदेश दोन मोठ्या सत्तांत विभागलेला होता. दक्षिणेकडे बाकाता येथे ‘सिपा’ राज्य करी आणि उत्तरेकडे हुन्सा येथे ‘साके’. सिपाकिरा, नेमोकोन आणि ताउसा ही मिठाची तिन्ही मोठी ठिकाणे सिपाच्या मुलखात होती, आणि त्याच्या वर्चस्वाचे हे एक ठोस कारण होते. मुइस्का कारागिरांच्या सोन्याच्या मूर्ती आज बोगोताच्या सोन्याच्या संग्रहालयात प्रसिद्ध आहेत, पण त्यांच्या भूमीत सोने जवळजवळ नव्हते. कापूसही उष्ण खोऱ्यांतून येई, कोकाची पानेही. या सगळ्याच्या बदल्यात देण्यासाठी त्यांच्याकडे पाचू होते, विणलेल्या चादरी होत्या आणि मीठ होते. पाचूवाचून कोणाचे अडत नाही, मिठावाचून अडते. ठरलेल्या दिवसांनी भरणाऱ्या बाजारांतून मिठाच्या ढेपा पूर्वेला यानोसच्या सपाट प्रदेशाकडे आणि पश्चिमेला मागदालेना नदीच्या खोऱ्याकडे जात. ज्या शेजाऱ्यांशी मुइस्कांचे वैर होते, त्यांच्यापर्यंतही हे मीठ पोहोचत होते.

याच मिठाने स्पॅनिश सैन्याला पठाराची वाट दाखवली. गोन्सालो हिमेनेस दे केसादा याची मोहीम एप्रिल 1536 मध्ये कॅरिबियन किनाऱ्यावरच्या सांता मार्ता येथून निघाली. ती मागदालेना नदीच्या काठाने वर सरकत होती. उपासमार, आजार आणि हल्ले यांनी माणसे पटापट मरत होती. नदीकाठच्या वस्त्यांत दोन प्रकारचे मीठ त्यांच्या पाहण्यात आले. एक किनाऱ्यावरून वर आलेले, दाणेदार आणि जसजसे वर जावे तसतसे महाग. दुसरे ढेपांच्या रूपातले, आणि त्याचा भाव नदीच्या वरच्या अंगाला उतरत होता. भाव उतरतो त्या दिशेला मूळ असणार, हे व्यापारातले साधे गणित होते. आजच्या बार्रांकाबेर्मेहाजवळ, ला तोरा येथे, ढेपांसोबत रंगीत चादरीही मिळाल्या, तेव्हा केसादाने नदी सोडली आणि ओपोनच्या डोंगरांतून मिठाच्या वाटेने चढाई केली. मार्च 1537 मध्ये तो पठारावर पोहोचला तेव्हा निघालेल्या शेकडो माणसांपैकी दोनशेहूनही कमी उरली होती. नेमोकोन आणि सिपाकिराचा मुलूख त्यांच्या वाटेतच लागला. सिपा तिस्केसुसाच्या सैनिकांनी प्रतिकार केला, पण घोडे आणि पोलाद यांच्यापुढे तो टिकला नाही. 1538 मध्ये बोगोताची स्थापना झाली. मुइस्कांची सत्ता ज्या व्यापारावर उभी होती, त्याच व्यापाराच्या खुणांनी शत्रू त्यांच्या दारात आला.

विजयानंतरची साठेक वर्षे मिठाचे प्रत्यक्ष काम मुइस्कांच्याच हाती राहिले. नव्या मालकांना मीठ हवे होते, पण ते बनवण्याची विद्या त्यांच्याकडे नव्हती. देवी आणि गोवर यांच्या साथींनी मात्र मुइस्कांची संख्या झपाट्याने घटली. विखुरलेल्या वाड्या-वस्त्या मोडून लोकांना एका जागी आणायचे, चौकोनी आखणीच्या गावात चर्चच्या नजरेखाली ठेवायचे आणि त्यांच्याकडून कर व श्रम वसूल करायचे, असे स्पॅनिश राजसत्तेचे धोरण होते. त्यानुसार न्यायाधीश लुईस एन्रिकेस याने 18 जुलै 1600 रोजी सिपाकिरा वसवले, अशी अधिकृत नोंद आहे. शहर हाच दिवस आपला स्थापनादिन मानते. वस्ती आणि उद्योग मात्र त्याआधी कित्येक शतके तिथे होतेच.

मिठावर राजसत्तेची पकडही याच सुमारास घट्ट झाली. आसपासच्या गावांना पाळीपाळीने माणसे पाठवावी लागत. कोणी लाकूड वाहावे, कोणी भांडी पुरवावी, कोणी भट्टीवर राबावे, अशी वेठ ठरलेली असे. पद्धत मुळात मुइस्कांचीच राहिली. भट्ट्या मोठ्या झाल्या आणि एका भट्टीवर अनेक गाचा एकदम चढू लागल्या. लाकडाची भूक त्याच प्रमाणात वाढली. जवळचे डोंगर उघडे पडले आणि लाकूड दुरून आणावे लागू लागले. सतराव्या आणि अठराव्या शतकांतल्या मिठाची खरी किंमत लाकडाच्या ओझ्यांत मोजावी लागेल, आणि ती ओझी ज्यांच्या पाठीवर होती त्यांच्या वाट्याला मिठाच्या उत्पन्नातले फार थोडे आले.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनच्या बूर्बाँ राजांनी वसाहतींतून अधिक महसूल काढण्याचा सपाटा लावला. सिपाकिरात तोवर मिश्र आणि स्पॅनिश वंशाच्या रहिवाशांची संख्या वाढली होती. मूळ रहिवासी थोडे उरले आहेत, असे कारण देऊन फिस्कल, म्हणजे राजाचा सरकारी वकील, फ्रान्सिस्को आंतोनियो मोरेनो इ एस्कांदोन याच्या योजनेत त्यांना नेमोकोनला हलवण्यात आले. गाव नव्या रहिवाशांना मोकळे झाले आणि मिठाची व्यवस्था थेट राजाच्या कारभाऱ्यांकडे गेली. ज्यांच्या पूर्वजांनी ही विद्या घडवली, त्यांचा मिठावरचा हक्क अशा रीतीने एका प्रशासकीय निर्णयाने संपला. सिपाकिराच्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय कोणता, असे विचारले तर 1537च्या स्वारीइतकेच या निर्णयाकडे बोट दाखवावे लागेल.

त्याचे पडसाद लवकरच उमटले. तंबाखू, दारू आणि विक्रीकर यांवरच्या नव्या करांविरुद्ध मार्च 1781 मध्ये सोकोर्रो येथे बंड पेटले. हेच कोमुनेरोंचे बंड. हुआन फ्रान्सिस्को बेर्बेओच्या नेतृत्वाखाली हजारो लोक राजधानीच्या दिशेने निघाले. मुइस्का सरदारांचा वंशज आम्ब्रोसियो पिस्को त्यांच्यासोबत होता. लोक त्याला बोगोताचा राजा मानू लागले होते. बंडखोरांचा तळ सिपाकिराजवळ पडला. राजधानी एक-दोन दिवसांच्या चालीवर आली तेव्हा आर्चबिशप आंतोनियो काबायेरो इ गोंगोरा वाटाघाटींसाठी आला आणि जून 1781 मध्ये 35 कलमांचा करार झाला. करांतल्या सवलतींबरोबरच मिठाच्या जागा मूळ रहिवाशांना परत द्याव्यात आणि त्यांच्या सामुदायिक जमिनी त्यांच्याच मालकीच्या राहाव्यात, या मागण्याही त्यात होत्या. करार झाल्यावर जमाव पांगला, आणि व्हाइसरॉयने करार फेटाळला. मिठाच्या प्रश्नावरून त्याच वर्षी नेमोकोनच्या मूळ रहिवाशांनी उठाव केला. तो बळाने मोडण्यात आला. करार न मानता लढत राहिलेल्या होसे आंतोनियो गालानला 1 फेब्रुवारी 1782 रोजी मृत्युदंड दिला गेला. सिपाकिराच्या मुख्य चौकाला आज कोमुनेरोंचे नाव आहे. मिठाच्या जागा मात्र मूळ मालकांकडे कधीच परत गेल्या नाहीत.

खाणकामाची पुढची पायरी एका पाहुण्याच्या सल्ल्याने सुरू झाली. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट 1801 मध्ये बोगोताला आला. फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात शिकलेला आणि प्रशियाच्या खाणखात्यात काम केलेला हा शास्त्रज्ञ मिठाच्या प्रश्नात अधिकारवाणीने बोलू शकत होता. सिपाकिराच्या मिठाबद्दल त्याने सविस्तर टिपण लिहिले. तोवर झऱ्यांबरोबरच उघड्यावर खणून सैंधव काढण्याची पद्धत आली होती. पावसात असे खड्डे कोसळत आणि मीठ वाहून जाई. हुम्बोल्टने त्याऐवजी डोंगरात बोगदे काढण्याचा सल्ला दिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पॅनिश सरकारने आणलेल्या जर्मन खाणतज्ज्ञांपैकी याकोब बेंजामिन वीस्नर याने पुढे हे काम हाती घेतले आणि 1810च्या दशकात भूमिगत खाणकाम सुरू झाले. डोंगरात पुढे एकाखाली एक मजले निघाले. पोतोसी, रुते, ग्वासा आणि फाब्रिकाल्ता ही त्यांची नावे.

हीच वर्षे स्वातंत्र्ययुद्धाची होती. पाब्लो मोरियोच्या स्पॅनिश फौजेने प्रदेश पुन्हा जिंकला आणि 3 ऑगस्ट 1816 रोजी सिपाकिरात सहा देशभक्तांना गोळ्या घातल्या. स्वातंत्र्य मिळाल्यावर मिठाची मक्तेदारी नव्या प्रजासत्ताकाने जशीच्या तशी उचलली. कारण उघड होते. तंबाखूची मक्तेदारी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संपल्यावर केंद्र सरकारच्या तिजोरीला जकात आणि मीठ हेच दोन मोठे आधार उरले. सिपाकिरा लहानसे शहर असूनही देशाच्या अर्थकारणात त्याचे वजन मोठे राहिले ते यामुळे. भट्ट्यांना आता आसपासच्या टेकड्यांतला कोळसा आणि धातूच्या कढया मिळाल्या. मातीची गाचा हळूहळू मागे पडली आणि तिच्याबरोबर कुंभारगावांची जुनी साखळीही तुटली. 1898 मध्ये बोगोताहून रेल्वे आली आणि मिठाची वाहतूक खेचरांवरून डब्यांत गेली.

या पठाराच्या मिठाची एक उणीव होती. डोंगराळ कोलंबियात गलगंड फार होता. 1820च्या दशकात तिथे काम केलेल्या जाँ-बाप्तिस्त बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की आंतियोकिया प्रांतात ज्या झऱ्यांच्या मिठात आयोडीन आहे, ते मीठ खाणाऱ्यांना गलगंड होत नाही. लोकांना आयोडीनयुक्त मीठ द्यावे, असे त्याने 1830च्या दशकात सुचवले. आयोडीनयुक्त मिठाची कल्पना आज जगभर रुजली आहे. तिच्या आरंभीच्या मांडणींपैकी ही एक, आणि तिची निरीक्षणे याच अँडीजमधली.

विसाव्या शतकात, 1930च्या दशकाच्या आरंभी, खाणींचा कारभार कोलंबियाच्या मध्यवर्ती बँकेकडे, बांको दे ला रेपूब्लिकाकडे, आला. शतकाच्या मध्यास इथल्या मिठवण्यापासून सोडा बनवणारा कारखाना जवळच उभा राहिला आणि मीठ स्वयंपाकघरातून रासायनिक उद्योगात शिरले. खाणकामगारांनी तोवर बोगद्यात आपल्यासाठी एक छोटे देवस्थान केले होते. सुरुंगाचा बार आणि ढासळणारे छत यांच्या सावलीत राबणारी माणसे पाळी सुरू होण्याआधी तिथे प्रार्थना करत. त्याच श्रद्धेतून मोठे चर्च कोरण्याची कल्पना पुढे आली. 1950 मध्ये काम सुरू झाले आणि 15 ऑगस्ट 1954 रोजी, वास्तुविशारद होसे मारिया गोन्सालेस कोंचा यांच्या आराखड्यानुसार, मिठाचे पहिले चर्च खुले झाले. रोझरीची माता ही खाणकामगारांची संरक्षक. चर्च तिलाच वाहिलेले होते. त्याची लांबी सुमारे 120 मीटर होती आणि एका वेळी 8 हजार माणसे त्यात मावत. खाण चालू असतानाच जुन्या दालनांत ते कोरलेले होते. भेगा आणि पाझरणारे पाणी यांमुळे ते धोक्याचे ठरले आणि 1990च्या दशकाच्या आरंभी बंद झाले.

दुसरे चर्च त्याच्याखाली सुमारे 60 मीटरवर नव्याने कोरले गेले. आराखडा रोसवेल गारावितो पेर्ल यांचा होता, आणि 16 डिसेंबर 1995 रोजी ते खुले झाले. त्यासाठी सुमारे अडीच लाख टन मीठ काढावे लागले. उतरत्या बोगद्याच्या कडेने येशूच्या अखेरच्या यात्रेचे 14 टप्पे एकेका लहान दालनात क्रूसांच्या रूपाने कोरलेले आहेत. तिथून वाट जन्म, जीवन आणि मृत्यू यांची प्रतीके असलेल्या तीन मोठ्या दालनांत उतरते. मधल्या दालनाच्या टोकाला 16 मीटर उंचीचा क्रूस आहे. तो भिंतीत पोकळी कोरून केलेला आहे आणि दिव्यांच्या प्रकाशामुळे पुढे आल्यासारखा भासतो. मीठ तासून आकार देणारे हात बहुतांशी खाणकामगारांचेच होते. लोक त्याला कॅथेड्रल म्हणतात, पण धर्मव्यवस्थेत ते कॅथेड्रल नाही. बिशपचे खरे कॅथेड्रल वर मुख्य चौकात आहे. त्याचे बांधकाम 1760 मध्ये सुरू झाले आणि ते पुरे व्हायला 1916 साल उजाडले.

सव्वा लाखाहून अधिक वस्तीच्या या शहराला आता मिठापेक्षा मीठ पाहायला येणाऱ्यांचा आधार मोठा आहे. 1940च्या दशकात गाब्रिएल गार्सिया मार्केस इथल्या सरकारी शाळेत शिकला, तेव्हा हे थंडीने गारठलेले, राजधानीबाहेरचे शांत गाव होते. आज शनिवार-रविवारी बोगोताहून पर्यटकांची खास गाडी येते. खाण मात्र बंद झालेली नाही. सुरुंग लावून खडक फोडण्याऐवजी डोंगरात पाणी सोडतात, मीठ विरघळू देतात, संपृक्त झालेले मिठवणी नळांनी बाहेर आणतात आणि कारखान्यात आटवून शुद्ध मीठ करतात. झऱ्यांच्या काळात हेच काम पावसाचे पाणी करत असे. हा सगळा प्रवास सांगणारे मिठवण्याचे संग्रहालय खाणीच्या आवारातच आहे आणि शहरात पुरातत्त्व संग्रहालयही आहे. गाचा भांड्याची गोष्ट कळायला या दोन ठिकाणी थोडा वेळ काढावा लागतो.